देवघर असलेल्या घरात पिल्लू

कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की मराठी हिंदू घरात धर्माचा प्रश्न बहुधा स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहतो. देवघराचे काय, सोवळ्याचे काय, श्राद्धाच्या दिवशी त्याला कुठे बांधायचे, एकादशीला त्याच्यापुढे अंडे ठेवायचे की नाही? हे विचारणाऱ्या आजीला हसण्यात शहाणपण नाही. तिच्या प्रश्नांमागे शौचाचा लांबलचक, गुंतागुंतीचा विचार आहे. पण त्याच परंपरेने दुसराही एक प्रश्न विचारला आहे आणि तो जास्त अवघड आहे. जो जीव आपल्या आसऱ्याला आला, त्याचे आपण काय देणे लागतो? पहिला प्रश्न घरातल्या जागांचा आहे आणि दुसरा घरातल्या माणसांचा. पिल्लू येण्याआधीची तयारी दोन्हींची करावी लागते. पहिल्याचे उत्तर एखाद्या दुपारी चौघांनी बसून ठरवता येते. दुसऱ्याला कुत्र्याचे अख्खे आयुष्य, म्हणजे साधारण दहा ते तेरा वर्षे लागतात.

भारतीय धर्मविचारात कुत्र्याची जागा जुन्या काळापासून उंबरठ्याबाहेरची आहे, मात्र ती हक्काची आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती असलेली कुत्री सरमा, पणी नावाच्या शत्रूंनी दडवलेल्या गाईंचा माग काढत रसा नदी ओलांडते आणि पणींनी गाईंचा वाटा देऊ केला तरी फितत नाही. त्याच मंडलात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे मृतांची वाट राखतात. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात तर कुत्रेच ऋत्विजांसारखे एकामागे एक जोडून चालतात आणि अन्न मिळावे म्हणून ॐकारासह गातात. ही यज्ञकर्माची थट्टा आहे की गंभीर उपासना, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. कुत्र्यांच्या भुकेविषयी मात्र दुमत नाही. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत या भुकेची सोयही आहे. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर हलकेच ठेवायला सांगतो. श्राद्धातला श्वानबळी याच विचारातला. वाटा ठरलेला आहे, आणि तो बाहेर ठेवायचा हेही ठरलेले आहे.

महाराष्ट्रात हे अंतर थोडे कमी होते. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि लसूण यांचा नैवेद्य दाखवतात आणि त्यातला घास देवाच्या कुत्र्याला म्हणून दारच्या कुत्र्याला घालतात. वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवतात आणि काही विधींत कुत्र्याप्रमाणे भुंकत कोटंब्यातले, म्हणजे भिक्षापात्रातले, अन्न खातात. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे म्हणजे चार वेद, हा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनातून घरोघर पोचले आहेत. तरीही या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यातला कुत्रा दर वेळी आणखी कोणीतरी असतो. तो वेद असतो, देवाच्या परिवारातला असतो किंवा परीक्षा पाहायला आलेला विठ्ठल असतो. चपला कुरतडणारा आणि पायपुसण्यावर मुतणारा, नुसता कुत्रा असलेला कुत्रा त्यांत सापडत नाही.

महाभारतात हा पेच सर्वांत उघडपणे दिसतो. एवढा मोठा ग्रंथ जवळजवळ कुत्र्यापाशी सुरू होतो आणि कुत्र्यापाशीच संपत येतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. आदिपर्वात, अनुक्रमणिका आणि पर्वसंग्रह आटोपल्यावर पहिलीच कथा एका पिल्लाची आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, ते चाटलेही नव्हते. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा शाप देते, की निरपराध्याला मारलेत, आता न दिसणारे भय तुमच्यावर येईल. राजा इतका हादरतो की त्या शापाचे निवारण करू शकेल असा पुरोहित शोधत निघतो.

दुसऱ्या टोकाला, अवघ्या तीन अध्यायांच्या महाप्रस्थानिक पर्वात, युधिष्ठिरासोबत शेवटपर्यंत चालत आलेला कुत्रा आहे. इंद्राचा युक्तिवाद शौचाचाच आहे. ज्याच्याजवळ कुत्रा त्याला स्वर्गात जागा नाही, त्याचे पुण्य क्रोधवश नावाचे राक्षस हिरावून नेतात. वर तो टोमणाही मारतो, की भावांना आणि द्रौपदीला सोडलेस, मग एका कुत्र्याने काय अडले? युधिष्ठिराचे उत्तर भावनेचे नाही, नेमके आहे. ती सारी मेल्यावर मागे राहिली, मेलेल्यांना परत उठवणे त्याच्या हाती नव्हते, पण जिवंत असताना त्याने त्यांना टाकले नाही. भक्ताला टाकणे हे शरणागताला परत पाठवणे, स्त्रीवध, ब्राह्मणाचे धन लुटणे आणि मित्रद्रोह या चारांच्या बरोबरीचे पाप आहे, असे तो सांगतो. कुत्रा शुद्ध असल्याचा दावा तो कुठेही करत नाही. शौचाचा नियम तो खोटा ठरवत नाही, आश्रयाचा नियम त्याच्या वरचा मानतो.

यानंतर कथा एक पळवाट काढते. कुत्रा धर्म होऊन उभा राहतो आणि स्वर्गात कुत्रा शिरला की नाही हा प्रश्नच मिटतो. आरंभीच्या कथेतही पिल्लाची बाजू भक्कम ठरते ती त्याने हवि चाटला नाही म्हणून. चाटला असता तर सरमेचा शाप लागू झाला असता का? ग्रंथ यावर काही बोलत नाही. घरात येणारे पिल्लू मात्र नैवेद्याचे ताट नक्की चाटणार आहे. त्यामुळे महाभारत जिथे थांबते तिथून पुढचा विचार घरच्यांनाच करावा लागतो.

त्यासाठी शौचाचा विचार नीट समजून घ्यावा लागतो. स्मृतिग्रंथांनी श्वानस्पर्शानंतर स्नान सांगितले आणि कुत्र्याने तोंड लावलेले अन्न त्याज्य ठरवले. याला आरोग्यशास्त्राचा मुलामा देण्याची हल्ली सवय आहे. रेबीज, जंत, गोचिडी ही सगळी कारणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. ज्या याद्यांत कुत्रा येतो त्याच याद्यांत माणसेही येतात. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री-गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. कुत्र्याचा विटाळ आणि माणसाचा विटाळ एकाच मुळातून वाढले. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात डॉ. आंबेडकरांनी गांधीजींना ऐकवले, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागणूक मिळते आणि प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला आणि त्या धर्माला आपले कसे म्हणायचे? पिल्लाला सोफ्यावर घेणारे आणि घरकामाच्या बाईंचा कप वेगळा ठेवणारे घर आजही दुर्मिळ नाही. अशा घराने कुत्र्याचा विटाळ सोडला याला उदारपणा म्हणता येत नाही. तिथे फक्त यादीतले एक नाव खोडलेले असते.

माणसांपुरता हा विचार टाकूनच द्यायला हवा. प्राण्यापुरता जो भाग राहतो तो बराच व्यवहार्य आहे, कारण शौच हे शास्त्रातही बहुतांशी देशकालावर अवलंबून असते. स्नानापूर्वीचे आणि नंतरचे, पूजेच्या जागेतले आणि पडवीतले नियम वेगळे असतात. कुत्रा घरात असणे आणि तो देव्हाऱ्याशी असणे या म्हणूनच दोन निरनिराळ्या गोष्टी ठरतात. ज्या घरांत सोवळे पाळतात तिथे देवघराला दार किंवा अडसर लावून प्रश्न सुटतो. जिथे देव स्वयंपाकघरातल्या फडताळात असतात तिथे ते फडताळ वर चढवून सुटतो.

इतर धर्मांनीही हा प्रश्न सोडवला आहे, आणि तोही सारख्या रीतीने नाही. कोकणातले मुसलमान बहुसंख्येने शाफई पंथाचे. त्या पंथात कुत्र्याची लाळ नापाक मानली जाते आणि कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुवावे असा नियम आहे. मालिकी पंथ कुत्र्याला मुळात पाक मानतो. शिकार, गुरे आणि शेत यांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, केवळ हौसेसाठी ठेवणे बहुतेक फकीहांना, म्हणजे धर्मशास्त्रींना, नापसंत आहे. पण तहानेल्या कुत्र्याला विहिरीचे पाणी काढून पाजणाऱ्याचे पाप माफ झाल्याची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे, आणि कुराणातल्या गुहावासीयांच्या दारात त्यांचा कुत्रा पाय पसरून बसलेला आहे. स्पर्शाचा नियम आणि दयेचा नियम तिथेही वेगवेगळे चालतात.

पारशी धर्मग्रंथ वेंदिदाद या बाबतीत सर्वांत तपशिलाने बोलतो. त्याच्या तेराव्या फर्गर्दमध्ये, म्हणजे अध्यायात, कुत्र्याला निकृष्ट अन्न देणे हा दंडनीय अपराध आहे. पंधराव्यात तर थेट पिल्लांचा प्रश्न येतो. गाभण कुत्री कोणाच्या आवाराजवळ व्यायली, तर तिची आणि पिल्लांची जबाबदारी कोणाची? सर्वांत जवळच्या घराची, आणि पिल्ले स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे आणि माणसाच्या मुलासाठी सात वर्षांची. मूल आणि पिल्लू यांचा हिशेब एका वाक्यात मांडायला धर्मग्रंथाला संकोच वाटलेला नाही. ही श्रद्धा पोथीत राहिली नव्हती. जून १८३२ मध्ये मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले.

जैन विचार आणखी आत जातो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रतातले दोष, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. ही यादी गृहस्थासाठी आहे आणि पाळीव जनावरांनाही ती लागू होते. पिल्लू आणू पाहणाऱ्याला इतका नेमका धर्मोपदेश दुसरीकडे मिळणे कठीण. दिवसभर साखळी म्हणजे बांधणे. वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर मारणे म्हणजे मारणे. शोभेसाठी शेपूट आणि कान कापणे म्हणजे छेदणे. श्वेतांबर परंपरेने श्रावकाला निषिद्ध ठरवलेल्या पंधरा धंद्यांत असतीपोषण येते. नफ्यासाठी कुत्री, मांजरे आणि तत्सम प्राणी पोसणे त्यात मोडते. पिंजऱ्यात वर्षाला दोनदा विणीला घातलेली कुत्री आणि तिची दुकानात मांडलेली पिल्ले हा व्यवहार त्या निषेधाच्या मधोमध बसतो. विकणाऱ्याचा धंदा निषिद्ध आणि घेणाऱ्याचे प्रेम निर्मळ, अशी वाटणी करता येत नाही.

आश्रयाच्या बाजूने इतके बोलल्यावर भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरताची कथा टाळता येत नाही, कारण ती उलट बाजूची सर्वांत बळकट साक्ष आहे. राज्य सोडून गंडकीकाठी तप करणाऱ्या भरतापुढे एक गाभण हरिणी सिंहाची गर्जना ऐकून नदीत उडी घेते. पाडस प्रवाहात पडते, हरिणी मरते. भरत पाडस उचलून आश्रमात आणतो. मग त्याला चारा, त्याचे रक्षण, त्याला खांद्यावर घेणे, पूजेतून मध्येच उठून ते दिसते का पाहणे असे करत एकेक यमनियम सुटत जातो. मरताना चित्तात हरीण असते, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

दया हाच घात, असा या कथेचा अर्थ अनेक प्रवचनांत निघतो. तो वरवरचा आहे. पाडसाला वाहू द्यायला हवे होते असे भागवत म्हणत नाही. भरत घसरतो तो उचलल्यानंतर. त्याला पाडस लागते, मग पाडसाला तो लागतो की नाही हे तो पाहीनासा होतो. कुत्रा पाळणाऱ्या घरांत हे रोज दिसते. पिल्लाला क्षणभर एकटे न सोडणाऱ्या प्रेमातून पुढे असा कुत्रा तयार होतो, की माणूस दाराबाहेर पडताच तो दार ओरबाडून नखे रक्ताळून घेतो. त्याला पहिल्या आठवड्यापासून थोडा थोडा वेळ एकटे राहायला शिकवणे हे कठोरपणाचे वाटते. आसक्ती आणि दया यांतला भेद मात्र नेमका तिथेच कळतो. शिवाय भरत संन्यस्त होता. गृहस्थाचा धर्म पोसण्याचाच आहे, त्याला पोसण्याची लाज नाही. त्याने फक्त एवढे पाहायचे, की पोसताना पूजा आणि झोप यांपैकी काय मोडेल, किती दिवस मोडेल. आठ आठवड्यांचे पिल्लू रात्री दोनतीनदा उठवते. पहाटे चारला उठून काकडआरती करणाऱ्यांना हे सोपे जाते, असा एक अनपेक्षित लाभ नमूद करायला हरकत नाही.

घास घालणे आणि सांभाळणे यांतला फरक आधुनिक काळात सर्वांत कडवटपणे मांडला तो गांधीजींनी. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने आवारातली ६० भटकी कुत्री मारवली. त्यावर उठलेल्या गदारोळात गांधीजींनी मालकाची बाजू घेतली आणि ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली. त्यांचे मारण्याचे समर्थन पटण्याजोगे नाही. लसीकरण आणि नसबंदीचा मार्ग तेव्हा हाताशी नव्हता, आज आहे. पण त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग अजून टोचतो. रस्त्यावर तुकडा टाकून पुण्य मिळवणारा कुत्र्याची जबाबदारी घेत नाही. खरी कणव असेल तर कुत्रा बेवारस राहता कामा नये, त्याला धनी हवा. मनूने जमिनीवर ठेवायला सांगितलेला घास आणि घरात घेतलेला जीव यांत हेच अंतर आहे. घास घालणारा दुसऱ्या दिवशी आला नाही तरी त्याच्यावर बोट ठेवता येत नाही.

घरात घेतलेल्या पिल्लाच्या बाबतीत देणे जास्त वाढते, कारण युधिष्ठिराचा कुत्रा आपण होऊन मागे आला होता. पिल्लाला आणले जाते. ते शरण येत नाही, त्याला आईपासून उचलून शरणागत केले जाते. कुत्र्याची सगळी जातच अशी माणसाने स्वतःवर अवलंबून केलेली आहे आणि हा व्यवहार फार जुना आहे. १९१४ साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे दोन माणसांच्या सांगाड्यांसोबत एका पिल्लाचा सांगाडा सापडला. तो सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा आहे. दातांवरच्या खुणांवरून त्या पिल्लाला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार झाला होता आणि सात महिन्यांचे होऊन मरेपर्यंत ते आजारपणाच्या झटक्यांतून तगले होते, असे संशोधकांनी दाखवले. कोणीतरी त्याला साफ केले, पाणी पाजले, ऊब दिली असल्याशिवाय ते शक्य नव्हते. शिकारीला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून तयारीची पहिली पायरी घराबाहेरची आहे, आणि ती म्हणजे वाट पाहणे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला कुत्र्यांच्या प्रजननाविषयीच्या २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. आईजवळच्या या काळात पिल्लू चावण्याची मर्यादा शिकते, भावंडांनी केकाटून दाखवल्यावर. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे आवाज, माणसे, वास ओळखीचे होतात त्यांची भीती पुढे राहत नाही. घंटा, आरती, शंख, ढोलताशा यांची ओळख याच काळात हलक्या आवाजात करून द्यायला हवी. दिवाळीच्या तोंडावर पिल्लू आणणे म्हणूनच वाईट. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि पुढे नियमाने पुन्हा.

देवघराची तयारी शौचासाठी करावी तशीच पिल्लाच्या जिवासाठीही करावी लागते. दोन्ही नियम इथल्याइतके एकदिलाने क्वचितच वागतात. परडीतली कण्हेरीची फुले कुत्र्याच्या हृदयाला घातक आहेत, धोत्राही विषारी आहे. कापराची वडी पोटात गेली तर झटके येतात. खिरापतीतले खिसमिस आणि प्रसादाची द्राक्षे मूत्रपिंड निकामी करू शकतात. तुळशीला धोका नाही, धोका पिल्लाकडूनच तुळशीला आहे. जमिनीवरची समई, लोंबती वात आणि विजेच्या माळा वर जायला हव्यात. आणि चंपाषष्ठीचा तो घास? कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. देवाच्या कुत्र्याला दिला जाणारा पारंपरिक नैवेद्य खऱ्या कुत्र्याला सोसत नाही, ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे खरी. पण परंपरेचा हेतू कुत्र्याला जेवू घालण्याचा होता हे मान्य केले, तर कांदालसणाविना बाजूला काढलेल्या रोडग्याच्या तुकड्याने विधी उणा पडत नाही.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी घरांत खरे धर्मसंकट होतो. मांजर मांसाशिवाय जगू शकत नाही. कुत्र्याचे तसे नाही. माणसाजवळ राहून त्याला पिष्ट पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा बरीच जास्त आली आहे आणि पशुवैद्याने आखून दिलेल्या शाकाहारावर प्रौढ कुत्रा राहू शकतो. वाढत्या पिल्लाला मात्र प्रथिने आणि कॅल्शियम यांचे माप चुकून चालत नाही, आणि दूध-पोळी हे ते माप नव्हे. ज्यांना घरात अंडेही नको आहे, त्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. पिल्लू आल्यावर ते वाळू लागले म्हणून चोरून अंडी आणणारी सून आणि न पाहिल्यासारखे करणारी सासू, हा तोडगा प्रेमळ असला तरी टिकाऊ नाही. एकादशीचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. व्रत संकल्पाने होते आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. संकल्प करू न शकणाऱ्या जिवाला उपाशी ठेवणे हे व्रत होत नाही. जैनांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकावर पाप म्हणून आलेलेच आहे.

नसबंदीवर धर्मनिष्ठांमध्ये अजून संकोच आहे, कारण ती छेदनासारखी दिसते. हरकत पोकळ नाही. शरीरावर इच्छेविरुद्ध शस्त्र चालते आणि तेही कोणताही रोग नसताना. पण समोरच्या पारड्यात नको असलेली चारसहा पिल्ले आहेत, जी पोत्यात घालून मंडईजवळ सोडली जातात आणि बहुतेक वर्षाची होण्याआधी मरतात. अहिंसेचा हिशेब करताना फक्त स्वतःच्या हाताने झालेली हिंसा धरायची की आपल्या न करण्यातून झालेलीही, हा जुना वाद इथे पुन्हा उभा राहतो. दुसरा पक्ष अधिक प्रामाणिक वाटतो.

पिल्लू आणताना म्हाताऱ्या कुत्र्याचा विचार कोणी करत नाही, आणि आश्रयाची कसोटी तर तिथेच लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत हेच उदाहरण घेतले होते. कुत्र्याने इमानाने चाकरी केली असेल तर तो निकामी झाल्यावरही मरेपर्यंत त्याला सांभाळावे. पण हे कर्तव्य कुत्र्याप्रती नाही, असे कांट मानतो. कुत्र्याशी निष्ठुर होणारा उद्या माणसाशी निष्ठुर होईल म्हणून सांभाळायचे. युधिष्ठिर असला आडवळणाचा हिशेब करत नाही. त्याचे देणे थेट कुत्र्याला आहे. या बाबतीत महाभारत कांटच्या पुढे आहे असे म्हणायला संकोच नको. असाध्य वेदनेत असलेल्या प्राण्याला इंजेक्शनने मरण द्यावे का, यावर मात्र महाभारताचा आधार मिळत नाही. १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य यातना भोगणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी मरण दिले आणि गाईच्या बाबतीत असे केल्याबद्दल प्रचंड रोष ओढवून घेतला. वेदना कोणाची संपते, प्राण्याची की बघणाऱ्याची, हे तपासूनच तो निर्णय घ्यावा लागतो. मेल्यानंतरच्या विधीचा प्रश्नही येतो. शास्त्राने कुत्र्याला सूतक सांगितलेले नाही, पण तर्पणाच्या शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना पाणी दिले जाते. त्यात घरचा कुत्रा आपोआप येतो.

राहिला टाकण्याचा प्रश्न. बदली झाली, बाळ झाले, सोसायटीने त्रास दिला, अशी कारणे असतात आणि काही खरीही असतात. प्राणी उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये. युधिष्ठिराने ज्या कृत्याला चार महापापांच्या तोडीचे ठरवले त्याची ही आजची किंमत. ओळखीच्या, तयार असलेल्या घरी कुत्रा सोपवणे मात्र टाकण्यात मोडत नाही, कारण आश्रय तुटत नाही, फक्त हात बदलतात. भारतीय कायद्यात कुत्रा मालमत्ता आहे, वारस होऊ शकत नाही. म्हणून ज्या घरात दोन वृद्धच राहतात त्यांना आपल्या पश्चात कुत्रा कोणाकडे जाईल आणि त्याच्या खर्चाचे पैसे कोणाच्या हाती राहतील, हे मृत्युपत्रात माणसाच्या नावाने लिहावे लागते. ज्याचे नाव घालायचे त्याला पिल्लू आणण्याआधीच विचारलेले बरे.